उत्तर छताकडे बघून आलं तरी चालेल

नजर चुकवणारं मूल एक तर अभ्यास न करता आलेलं असतं किंवा काहीतरी लपवत असतं, असं मी अनेक वर्षं मानत आले. 'माझ्याकडे बघून सांग' हे वाक्य माझ्या प्रत्येक तासाला ठरलेलं. आता ते मी म्हणत नाही.

मी सुरतेत मराठी माध्यमाला शिकवते. इथल्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया, तेलुगू आणि मराठी अशा सात माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना, डिंडोलीकडची आपली मुलं बहुतेक खानदेशातली. आई-वडील भुसावळच्या गाडीने लूमच्या कामाला आलेले. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती-हिंदी, वर्गात पुस्तकातली मराठी. 'ओले कपडे वाळतात कसे?' असं विचारलं की त्या पोराला आधी उत्तर शोधायचं असतं, मग त्या उत्तराची शाळेतली भाषा. नेमकं तेव्हाच मी त्याची नजर धरून ठेवायचे. त्यातून घरची शिकवण अशी, की मोठ्यांसमोर मान खाली.

माझं मत हललं ते एका मुलीमुळे. वहीत सगळं बरोबर, तोंडी विचारलं की गप्प. एकदा प्रश्न विचारून मी फळ्यावर तारीख घालायला वळले आणि पाठीमागून तिचं उत्तर आलं, पूर्ण वाक्यात.

मग वाचायला लागले. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठातल्या ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय, की प्रश्न अवघड होत गेला की मुलं नजर वळवतात. 2006 च्या त्यांच्या अभ्यासात तर पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना दुसरीकडे बघायला मुद्दाम सांगितलं, आणि त्यांची जास्त उत्तरं बरोबर आली. समोरचा चेहरा वाचणं हेही मेंदूला कामच आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी त्याआधीच, 1970 च्या दशकात, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात हे मोजलं होतं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. थांबायचं मला माहीत होतं. पण मी थांबायचे ती रोखून बघत, आणि तेवढ्याने त्या थांबण्याचा सगळा उपयोग जायचा.

नजरेचं मोल माझ्या लेखी कमी झालेलं नाही. मागच्या बाकावरची कुजबुज अजूनही मी डोळ्यांनीच थांबवते, कोणाची पाळी तेही डोळ्यांनीच सांगते. प्रश्न दिला की मात्र खिडकीकडे वळते. बोलून झालं की मूल आपणहून वर बघतं, बरोबर आलं का ते विचारत. त्या क्षणी माझे डोळे तिथे हवेतच. ते नसले तर मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही.

'उद्या मुलाखतीत काय करतील?' असं माझे सहकारी विचारतात. डोळ्यांत बघून बोलणं जरूर शिकवावं: नाव सांगताना, गोष्ट सांगताना, जिथे मुलाला काही शोधायचं नसतं तिथे. बाष्पीभवन विचारताना नको.