पाणचक्कीचा हौद आणि घरचा आजारी मासा

मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरला सहलीला आलात की मकबरा बघून पाणचक्कीला याल. चक्की बघितली की लगेच बसकडे पळू नका हं! हौदाशी जरा थांबा. हौद भरलेला असला की त्यात मोठाले मासे संथपणे फिरताना दिसतात. पाणी येतं काही किलोमीटरवरच्या डोंगराकडून, जमिनीखालच्या नहरीतून. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी या पाण्यावर धान्य दळलं जाई. गंमत म्हणजे, हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे! उंचावरून धार पडते, पडताना हवाही पाण्यात मिसळते. जुनं पाणी पुढं वाहून जातं.

आता घरची काचेची पेटी आठवा. तिथलं पाणी कुठं जाणार? माशांची घाण, न खाल्लेले दाणे तिथंच कुजतात आणि अमोनिया तयार होतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत. अमोनियानं, टोकदार दगडानं किंवा कोरड्या हातात धरल्यानं ते फाटतं. पाण्यात एरवीही असणारे जिवाणू मग आत शिरतात. आधी एखादा खवला उचलल्यासारखा दिसतो, मग लाल डाग, मग जखम.

अशा वेळी सगळे औषधाच्या बाटलीकडे धावतात. पण आधी पाणी बघा! पाव हिस्सा पाणी बदला. ताज्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला बाधतं. या शहरात मात्र घरोघरी पिंपं भरून ठेवायची सवय, आणि उघड्या पिंपात दिवसभर राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. चला, पाणीटंचाईचा हाही एक फायदा! फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. अमोनिया संपवणारे चांगले जिवाणू त्यातच राहतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळा.

आजारी गोल्डफिश वेगळ्या स्वच्छ बादलीत ठेवा आणि हवेचा पंप लावा. दहा लिटर पाण्याला चहाचे चार सपाट चमचे साधं मीठ पुरे. ते आधी विरघळवून थोडं थोडं ओता. रोज एक तृतीयांश पाणी बदला, नव्या पाण्यातही त्याच मापानं मीठ घाला. बिनखवल्याच्या माशांना मात्र मीठ फार सोसत नाही. जखम वाढत असेल, तर आईबाबांबरोबर पशुवैद्यांकडे जा. घरातल्या प्रतिजैविकाची गोळी फोडून पाण्यात टाकायची नाही! तुमच्या हाताला कापलं असेल तर तो हात पेटीत घालू नका, आणि काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

१९८८ मध्ये ईशान्य भारतात अशाच व्रणांची मोठी साथ आली. मरळसारखे मासे अंगभर जखमा होऊन मेले, आणि ही साथ पुढं देशभर पसरली. तो रोग बुरशीसारख्या एका जीवाचा होता. पण तेव्हाही तळ्यात चुना टाकून मच्छीमारांनी आधी पाण्यावरच इलाज केला. मासेच पोट भरत असतील, तर तळं आजारी पडणं केवढं संकट!

बादलीतल्या रुग्णाकडे रोज सकाळी बघा. जखमेची लाल कड फिकी होऊ लागली, आणि तुमची सावली पडताच तो दाण्यासाठी वर आला, की उतार पडला समजा. तरी आठवडाभर त्याला बादलीतच राहू द्या.