डेकची घासपूस

न्यू जर्सीत लेकीच्या घरामागे लाकडी डेक आहे. आपल्या ओट्यासारखाच, फक्त फळ्यांचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन झिजतं आणि फळ्या राखाडी पडतात. त्यावर तसाच नवा स्टेन लावला तर तो नीट धरत नाही.

"बाबा, तुम्ही बसा, आम्ही करू," लेक म्हणाली. पण बसून बसून माणसानं किती बसायचं? ७४ व्या वर्षी हाताला काम मिळणं हीच मोठी गोष्ट!

हातमोजे घालून सोडियम परकार्बोनेटची पूड पाण्यात कालवली, फळ्यांवर १५ मिनिटं राहू दिली आणि ब्रशनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासलं. मग ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी. त्यानं लाकूड उजळतं. कोपऱ्यात हिनं उन्हाला ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीचा तेलकट गोल डाग होता. हिला जाऊन तीन वर्षं झाली. हात थबकला. पण तेल राहिलं तर तिथे स्टेन मुरत नाही. लेक दुसरा ब्रश घेऊन शेजारी येऊन बसली. डाग दोघांनी मिळून घासला. तिच्या आईविषयी आम्ही इतकं पहिल्यांदाच बोललो.

आता दोन दिवस वाळवायचं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चटकन शोषला गेला, की लाकूड तयार. स्टेनचा ब्रश मीच धरायचा, हे लेकीनंच ठरवलंय.