ब्लॉक मारू का, ताई?

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना गाडीचं आणि ड्रायव्हरचं, दोघांचंही खरं रूप बाहेर येतं. माझं एका रविवारी आलं. पाटणादेवीहून परतत होते. सेकंड गिअरमध्ये पाय पार खाली दाबलाय, तरी गाडी नुसती कण्हतेय. डॅशबोर्डवर पिवळी लाईट. आणि आरशात बघते तर मागे काळाकुट्ट धूर! त्या धुरात एक मोटरसायकल. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये चार-पाच वर्षांचं पोरगं. बाईंनी पदर ओढून पोराच्या नाकावर धरला होता. ओव्हरटेक करताना त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी म्हणजे डिझेल फोर-बाय-फोर. दहा वर्षांची, सेकंडहँड, अजून हप्ते चालू. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दहाव्या वर्षी कुठल्याही गाडीचं काही ना काही जातंच. आणि खरं सांगायचं तर मी ती घेतली डोंगर-नाल्यांसाठी, पण चालवते सिडको ते क्रांती चौक. महिन्यातून एकदा चिखल, बाकी सगळा सिग्नल. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

दुसऱ्या दिवशी रखडत रखडत जालना रोडने शेंद्र्याला पोचले. एमआयडीसीच्या अलीकडे एका उस्तादांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, पण गाडीची नाडी बघावी तर त्यांनीच. त्यांनी स्कॅनर लावला, बोनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि निदान सांगितलं.

"ईजीआर गेला. उघडा राहून अडकलाय."

आता ईजीआरचा फंडा थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा भाग हा वाल्व्ह पुन्हा इंजिनात पाठवतो. उष्टंच परत वाढायचं, असं वाटेल. पण त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळण्याचं तापमान खाली येतं. तापमान फार चढलं की हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं जमतं आणि नायट्रोजनची ऑक्साईड्स तयार होतात. ती होऊ नयेत म्हणून हा खटाटोप. घोटाळा असा की धुरातली काजळी आणि इंजिनातली तेलाची वाफ वाल्व्हपाशी एकत्र येतात आणि डांबरासारखा थर बसतो. गाडी लांब पळाली, नीट तापली, तर हे कमी होतं. सिग्नल टू सिग्नल चालवली की जास्त. (सिडको ते क्रांती चौक. आलं ना लक्षात?) माझा वाल्व्ह उघडाच अडकला, इंजिनाला हवा कमी पडली, आणि जळलं नाही ते सगळं त्या मोटरसायकलवर गेलं.

"नवा वाल्व्ह बावीस हजार, मजुरी वेगळी," उस्ताद म्हणाले. "नाहीतर ब्लॉक मारू का, ताई? पाइपच्या तोंडाशी एक पट्टी टाकतो. अर्ध्या तासात गाडी मोकळी. लाईटचं टेन्शन नको, लॅपटॉपवाला पोरगा येऊन ती पण बंद करतो. सब लोग वही करते."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? फ्रीलान्सरच्या खात्यात बावीस हजार म्हणजे तीन संपादकांकडे अडकलेले चेक. मारा ब्लॉक!

चहा आला. सवयीने विचारलं, "मग कंपनीने हा वाल्व्ह लावलाच कशाला?"

"सरकारसाठी."

"आणि पीयूसी?"

"पीयूसी तर एकदम छान येणार, ताई. धूरच राहणार नाही."

इथे चहा घशात अडकला. कारण उस्ताद शंभर टक्के बरोबर होते. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साईड्स मोजतच नाहीत. पट्टी टाकली की काजळी कमी होणार, सर्टिफिकेट झकास मिळणार, आणि सायलेन्सरमधून जे जास्तीचं निघणार ते कुणाला दिसणार नाही. छातीत मात्र जाणार. दमा असलेल्यांना ते जास्त त्रास देतं, आणि उन्हात त्याचाच पुढे ओझोन बनतो. आपल्याकडच्या उन्हाबद्दल मी काय सांगू! म्हणजे पट्टी टाकून माझ्या आरशातला धूर गेला असता. त्या बाईंना पदर कशासाठी धरायचा हेच कळलं नसतं.

शेंद्र्यात बसून हा विचार करताना आणखी एक गोष्ट आठवणारच. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. चाचणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. त्याच डिसेंबरात भारतात समूहाच्या सुमारे सव्वातीन लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात स्कोडा आणि ऑडीही होत्या, ज्यांच्या गाड्या इथे, शेंद्र्यात जोडल्या जातात. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा मित्रांच्या कट्ट्यावर मी या विषयावर जोरदार भाषण दिलं होतं. आणि आता तोच उद्योग दोनशे रुपयांच्या पट्टीत करून घ्यायला मी बसले होते, वर लॅपटॉपवाला पोरगाही येणार होता.

"उस्ताद, नवाच टाका."

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांना पैसे जास्त मिळणार होते, तरी. कारण शनिवारी कळलं.

वाल्व्ह इंजिनाच्या मागच्या अंगाला. इंजिन आणि आतला पत्रा यांच्या मधल्या जेमतेम पंजा जाईल अशा फटीत. तिथवर पोचायला वायपरखालचं प्लॅस्टिक काढा, एअर फिल्टरचा डबा काढा, बॅटरी काढा, कूलंट उतरवा. हे सगळं झाल्यावरही बोल्ट दिसत नाही, आरसा आणि मोबाइलचा टॉर्च धरून त्याचा अंदाज घ्यायचा. मी विचारलं, असा कुठला शहाणा इथे वाल्व्ह बसवतो? उस्ताद हसले. फॅक्टरीत हे अवघड नसतंच म्हणे. इंजिन मोकळं असतं, चारी बाजूंनी हात जातो, वाल्व्ह आधीच बसलेला असतो. मग बॉडी आणि इंजिन एकत्र येतात. कार कारखान्यांत त्या टप्प्याला चक्क 'मॅरेज' म्हणतात! थोडक्यात, लग्न लावणारे वेगळे आणि संसार दुरुस्त करणारे वेगळे.

उस्तादांचा पंजा त्या फटीत गेलाच नाही. गेला तो त्यांच्याकडच्या पोराचा. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलेला, एकोणीस वर्षांचा, आठवडाभर एमआयडीसीत कंत्राटी शिफ्ट आणि सुट्टीला इथे. बंपरवर पोट टेकून तो दीड तास एकाच बोल्टशी झुंजत होता. उष्णतेने बोल्ट जाम झालेला. तेल मार, थांब, पाना लाव, पुन्हा तेल. एकदा पाना सटकला आणि बोटांच्या सांध्यांवरची साल निघाली. मी बँड-एड शोधायला पर्स उचकटत होते, त्याने हात पँटला पुसला आणि परत आत घातला. दुसरा बोल्ट निघाला तो थेट खाली कुठेतरी पडला. काठीला लावलेल्या चुंबकाने तो शोधण्यात वीस मिनिटं गेली. कुणी बोललं नाही. उस्तादांनी फक्त रेडिओ बंद केला.

दुपारी वाल्व्ह बाहेर आला. भोकाच्या जागी ओल्या कोळशाचा गोळा. मग जुनं पॅकिंग खरवडलं, नवं लावलं, बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे कसले, कूलंट भरून त्यातली हवा काढली. शेवटी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावं लागतं की नवा वाल्व्ह पूर्ण बंद म्हणजे नेमका कुठे. हे केलं नाही तर लाईट परत येते.

संध्याकाळी करमाडपर्यंत जाऊन आलो. मी चालवत होते, उस्ताद शेजारी, पोरगा मागे. पिकअप परत आला होता. मी तीनदा आरशात पाहिलं. तिसऱ्यांदा उस्ताद म्हणाले, "ताई, समोर बघा."

परतल्यावर पोरगा बराच वेळ वॉशिंग पावडरने हात घासत होता. साल निघालेल्या जागी झोंबत असणार. मी मजुरीशिवाय त्याच्या हातात वेगळे पाचशे ठेवले. ते त्याने लाजत घेतले आणि विचारलं, जुना वाल्व्ह ठेवू का? उघडून आतून बघायचाय म्हणाला. मग वर्तमानपत्रात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला लावून घेऊन गेला.