रात्री बाहेर जाणारी वीज

"अगं, आपल्या घरातली वीज रात्रीची बाहेर जातेय."

बाबांचा हा फोन आला तेव्हा मी पुण्यात बसमध्ये उभी होते. "बरं, मग बोलू," म्हणून ठेवून दिला. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, आता बाबांना डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

अगदीच कारण नव्हतं असं नाही. बाबा ७६ वर्षांचे. आई गेल्यापासून कऱ्हाडच्या घरात एकटे. दूध उतू जाऊन गॅस तसाच चालू राहिला, असं दोनदा झालं होतं. एकदा बँकेत पासबुक ठेवून आले आणि घरभर शोधत बसले. त्यात आता हे, वीज रात्री बाहेर जाते म्हणे.

फेब्रुवारीत आम्ही गच्चीवर ३ किलोवॉटचे सोलर पॅनेल बसवले होते. सरकारी सूर्यघर योजनेत एवढ्या क्षमतेला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, हे बाबांच्या गळी मीच उतरवलं होतं. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला ३६०. घराचा खप २०० च्या आसपास. दिवसा उरलेली वीज कंपनीच्या तारेत जायची, रात्री लागेल तेवढी परत यायची आणि बिलात वजाबाकी व्हायची. त्यासाठी जुना मीटर काढून नेट मीटर लावला होता. हा आत आलेली वीज इम्पोर्टच्या खात्यात मोजतो आणि बाहेर गेलेली एक्स्पोर्टच्या.

स्थिर आकार सोडला तर बिल शून्य येईल, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिलं बिल आलं १६० युनिटचं.

बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पॅनेलवर धूळ असेल, धुऊन घ्या. बाबांनी धुतले. पण माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये इन्व्हर्टर रोज १२ युनिट दाखवतच होता. धूळ असती तर तिथे कळलं असतं. वीज कंपनीच्या कार्यालयात बाबांना सांगितलं गेलं, "आजोबा, उन्हाळा आहे, वापर वाढला असेल." आणि मीही तेच म्हणाले, "बाबा, तुम्ही पंखे चालू ठेवून झोपत असाल."

एप्रिलमध्ये दोन दिवसांची सुट्टी काढून गेले. बाबांनी पुढ्यात एक वही ठेवली. पोस्टाच्या काउंटरवर ३४ वर्षं काढलेला माणूस, रोकड जुळल्याशिवाय घरी न येणारा. मीटर लागला त्या दिवसापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळचे आकडे वहीत होते. तारीख, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, इन्व्हर्टर. एकही दिवस सुटलेला नव्हता.

मी आधी महिन्याचा हिशोब मांडला. घराचा खरा खप म्हणजे पॅनेलने बनवलेली वीज, अधिक आत आलेली, वजा बाहेर गेलेली. ३६० अधिक २५० वजा ९०, उत्तर ५२०. एकट्या माणसाच्या घरात ५२० युनिट जाळायला काय भट्टी आहे?

"ते राहू दे," बाबा म्हणाले, "रात्रीचं बघ." संध्याकाळी सातचा एक्स्पोर्ट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा एक्स्पोर्ट यांत रोज दोन-तीन युनिटचा फरक होता. सूर्य मावळल्यावर आमचं घर कंपनीला वीज विकत होतं.

बाबा फोनवर हेच सांगत होते. मीटर जे दाखवत होता, तेच शब्दशः.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आम्ही फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं. इन्व्हर्टर २.१ किलोवॉट दाखवत होता, म्हणजे सगळी वीज बाहेरच जायला हवी. बाबा घड्याळ धरून मीटरपुढे उभे राहिले. वीस मिनिटांत इम्पोर्ट ०.७ ने वाढला, एक्स्पोर्ट जागेवर. मग सोलरचा एमसीबी पाडला आणि दोन किलोवॉटचा गीझर नळ सोडून वीस मिनिटं चालवला. आता एक्स्पोर्ट तेवढाच वाढला. मीटर मोजत अचूक होता. त्याला आत आणि बाहेर उलटं कळत होतं. जे १६० युनिट आमच्या नावावर जमा व्हायचे, त्यांचंच बिल आम्हाला आलं होतं.

मीटरच्या सीलला हात लावायचा नसतो, तो गुन्हा आहे. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल, हेही शोधून ठेवलं होतं. तिथवर जावं लागलं नाही. तपासणीला आलेल्या माणसाने मीटरचं खालचं झाकण उघडलं आणि तो हसलाच. खांबावरून येणारी वायर आणि घरात जाणारी वायर यांची अदलाबदल झाली होती. दहा मिनिटांचं काम. बिल दुरुस्त होऊन यायला मात्र दोन महिने लागले.

त्यानंतर शेजारपाजारचे लोक बाबांकडे आपापली बिलं घेऊन येऊ लागले. एकांचा मीटर ठीक होता, पण कार्यालयात ग्राहकाची नोंद नेट मीटरिंगमध्ये बदललीच नव्हती. दुसऱ्यांनी नेट मीटर लागायच्या आधीच सोलर चालू केलं होतं आणि जुना मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजत होता. बाबा प्रत्येकाला आधी विचारतात, "वही ठेवलीय का?"

डॉक्टरांकडे आम्ही गेलोच. विसरण्याची सुरुवात आहे, असं ते म्हणाले. गोळ्या सुरू आहेत, गॅसला आपोआप बंद होणारा टायमर लावलाय. वही खरी होती म्हणून विसरणं खोटं ठरलं नाही. आता बाबांनी काही विचित्र सांगितलं, तर मी फोन ठेवत नाही. आधी विचारते, तुम्ही नेमकं काय पाहिलंत?

काल रात्री सहज विचारलं, "बाबा, आज किती गेली बाहेर?"

"आता काय जायचीय," ते म्हणाले, "अंधार पडलाय की."