‘मे’ शब्दाच्या शेजारी काय लिहिले आहे?

इंग्रजी पत्र घरात आले की आपल्या वस्तीत ते आधी चार हातांतून फिरते. जवळपास जो कोणी शिकलेला असेल तो त्यातले ओळखीचे शब्द शोधतो आणि अर्थ सांगून मोकळा होतो. ओळखीचे शब्द म्हणजे लोन, ॲप्लिकेशन, कन्सिडर. मधले बारीक शब्द कोणी वाचत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, गरीब माणूस फसतो तो या बारीक शब्दांतच.

आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी. कॉम. पत्रे लिहिण्यात आणि टिपणे काढण्यात निम्मे आयुष्य गेले. दिंडोरीत आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात आम्ही इंग्रजीचा वर्ग घेतो. कॉलेजची मुले येतात, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जाणाऱ्या भगिनी येतात, नाशिकला कंपनीत जाणारे एकदोन बंधूही पाळी सांभाळून येतात.

एका गवंडी बांधवाने मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी एका बँकेत कर्जाचा अर्ज केला होता. बँकेचे नाव घेत नाही. उत्तर आले, ‘युवर केस मे पॉसिबली बी कन्सिडर्ड इन ड्यू कोर्स.’ घरच्यांना ‘कन्सिडर्ड’ तेवढे समजले. आळीत पेढे वाटले गेले. दोन महिने वाट पाहण्यात गेले, फी भरायची तारीख तोंडावर आली, तेव्हा पत्र आमच्याकडे आले. आम्ही त्यांना घेऊन बँकेत गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, ‘आम्ही मंजूर असे कुठे लिहिले आहे?’ कागदावर पाहिले तर त्यांचे खरेच होते. ‘मे’ म्हणजे होऊ शकेल. ‘पॉसिबली’ म्हणजे झालेच तर. एका कदाचितवर दुसरे कदाचित रचलेले. शेवटी त्या बापाने व्याजाने पैसे काढून फी भरली. मुलगी शिकते आहे, व्याजही चालू आहे.

तेव्हापासून वर्गात आम्ही ‘मे’, ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ हे शब्द सुटे शिकवणे बंद केले. शाळेत ते सुटेच शिकवतात. कॅन म्हणजे शकतो, मस्ट म्हणजे पाहिजे, की पाठांतर संपले. पण रोजच्या बोलण्यात हे शब्द एकटे फार कमी येतात. शेजारी कोणीतरी बसलेले असते आणि खरा अर्थ त्या शेजाऱ्यावर ठरतो. ‘विल कम’ म्हणजे येईल. ‘विल डेफिनेटली कम’ म्हणजे येणारच. ‘विल प्रॉबॅबली कम’ म्हणजे बहुधा येईल, पण स्वयंपाक बेताचाच करा. आपल्या मराठीत हे काम ‘च’ आणि ‘बहुधा’ करतात. त्यामुळे आपल्याला हे कळत नाही असे मुळीच नाही, फक्त इंग्रजीत कोणी नीट दाखवलेले नसते.

काही जोड्या मात्र फसव्या आहेत. ‘मे वेल’ घ्या. फळ्यावर लिहिले तर एक मुलगी म्हणाली, ‘सर, मे महिन्यातली वेल!’ सगळा वर्ग हसला. दिंडोरीच्या पोरांना मे महिन्यातली वेल पक्की ठाऊक, एप्रिलची खरड छाटणी होऊन ती नव्याने फुटलेली असते. इंग्रजीतल्या ‘मे वेल’चा अर्थ मात्र ‘होण्याचा बराच संभव आहे’ असा. नुसत्या ‘मे’पेक्षा हे वरचे आणि ‘मे पॉसिबली’ त्याच्या कितीतरी खाली. दुसरी फसवी जोडी ‘कॅन हार्डली’. हार्ड म्हणजे कष्टाचे, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. एका मुलाने नोकरीच्या अर्जात अभिमानाने लिहिले होते, ‘आय कॅन हार्डली वर्क.’ त्याचा अर्थ झाला, माझ्याकडून काम जेमतेमच होते. ‘आय कॅन वर्क हार्ड’ असे हवे होते. अर्ज पाठवायच्या आधी हाती लागला म्हणून बरे.

मुलाखतीत साहेब गोड आवाजात म्हणतात, ‘यू कॅन ऑलवेज अप्लाय अगेन.’ मुले घरी येऊन सांगतात की, साहेबांनी नेहमी अर्ज करायला सांगितले. इथल्या ‘ऑलवेज’चा ‘नेहमी’शी संबंध नाही. वाटल्यास पुन्हा करून पाहा, दार काही बंद केलेले नाही, एवढेच ते सांगणे असते आणि बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो. आपल्या कचेऱ्यांत ‘बघू’ म्हणतात ना, त्याच जातकुळीतले. ‘बघू’चा अर्थ आपल्या लोकांना हेलपाटे घालून कळला आहे. इंग्रजी ‘बघू’ अजून कळायचा आहे.

जागेचेही महत्त्व आहे. ‘आय कान्ट रिअली से’ आणि ‘आय रिअली कान्ट से’ यांत शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलली आहे. पहिल्याचा अर्थ, मला नक्की सांगता येत नाही. दुसऱ्याचा, मला नक्कीच सांगता येणार नाही. मराठीत एका ‘च’ने जे होते ते इंग्रजीत जागा बदलून होते. तसेच ‘विल प्रॉबॅबली कम’, पण नकार आला की ‘प्रॉबॅबली वोन्ट कम’. बहुधा पुढे सरकतो. हे नियम पाठ करून येत नाहीत, दहा वाक्ये मोठ्याने म्हणून येतात.

आता पॅकहाऊसमधल्या भगिनींचे. युरोपातले मोठे दुकानदार द्राक्षे घेताना ‘ग्लोबल गॅप’चे प्रमाणपत्र मागतात. १९९७ साली ‘युरेप गॅप’ नावाने हे सुरू झाले, २००७ साली नाव बदलले. त्यात औषध फवारणीचे नियम आहेत, तसे मजुरांच्या आरोग्याचे आणि सुरक्षिततेचेही आहेत. गंमत म्हणजे त्यात ‘मस्ट’चेही दोन प्रकार केले आहेत, ‘मेजर मस्ट’ आणि ‘मायनर मस्ट’. लागू असलेले मेजर मस्ट शंभर टक्के पाळावे लागतात, मायनर मस्ट ९५ टक्के. त्याखाली नुसती शिफारस. ‘पाहिजे’चाही वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असतो हे ऐकून एक मावशी म्हणाल्या, ‘मग आमचा हात धुवायचा नळ कोणत्या मस्टमध्ये बसतो ते विचारते मुकादमाला.’ त्यांनी विचारले. मुकादमाला सांगता आले नाही, पण दुसऱ्या आठवड्यात साबण आला.

आणि ज्या कागदावर आपला सगळा भरवसा आहे, त्या राज्यघटनेतही हीच परीक्षा आहे. तिथला राजा शब्द ‘शॅल’. कलम ४६ मध्ये दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक आणि आर्थिक हित राज्याने जपावे असे आहे आणि ‘शॅल प्रमोट’ला ‘विथ स्पेशल केअर’ जोडलेले आहे. म्हणजे जपायचे तेही विशेष काळजीने. जुने कलम ४५ मात्र वेगळे होते. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, पण शब्द ‘शॅल एंडेव्हर टू प्रोव्हाइड’. देईल असे नाही, देण्याचा प्रयत्न करील. शिवाय कलम ३७ प्रमाणे या तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागून ती अमलात आणता येत नाहीत. दहा वर्षे १९६० साली संपली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि नवे कलम २१ अ आले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सरळ ‘शॅल प्रोव्हाइड’ आहे. ते लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. मधला एक शब्द काढायला किती पिढ्या गेल्या, हा हिशेब वाचकांनीच करावा.

हे कलम वर्गात वाचत होतो तेव्हा अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एका ताईंनी विचारले, ‘मग तो एंडेव्हर गेला कुठे?’ तो गेलेला नाही. आजच्या कलम ४५ मध्येच आहे, फक्त आता सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी. ताईंनी ती ओळ दोनदा वाचली, वहीत उतरवून घेतली आणि ‘एंडेव्हर’च्या खाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली.