गळती

आमच्या मोटारीच्या छताला एक खिडकी आहे. बटण दाबले की काच मागे सरकते आणि डोक्यावर चौकोनी आभाळ उघडते. शहरात तिला 'सनरूफ' म्हणतात. आमच्या आईने पहिल्याच दिवशी तिचे 'काचेचं कौल' असे बारसे करून टाकले. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तिथल्या माणसाने आपल्या मोटारीच्या छताला हौसेने भोक ठेवावे, यासारखा दुसरा विनोद नाही. पण ही हौस माझी नव्हती. मोटार माझ्या धाकट्या भावाची.

तो पुण्याला असतो. 2024 च्या दिवाळीत तो देवरुखला घरी आला तो दोन मोटारी घेऊन. नवी त्याची बायको चालवीत होती आणि पाच वर्षे वापरलेली जुनी तो. फराळ झाल्यावर त्याने जुनीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "दादा, आईला डोळ्यांसाठी दर महिन्याला रत्नागिरीला न्यावं लागतं. एस.टी.त तिचे हाल होतात. ही इथेच राहू दे."

थोरल्याने द्यावे आणि धाकट्याने घ्यावे, हा आमच्या घरातला रिवाज. तो त्या दिवशी उलटा झाला. भाऊ मला अंगणात नेऊन एकेक बटण दाखवीत होता, काही सूचना देत होता. मी मान हलवीत होतो; ऐकत मात्र नव्हतो. मान हलवणारी आणि न ऐकणारी मुले मी वर्गात वीस वर्षे पाहत आलो आहे. त्या दिवशी मीच त्यांच्या बाकावर जाऊन बसलो होतो.

आमच्या अंगणात एक बकुळ आहे. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लावलेली. मोटारीला सावली म्हणून मी ती तिच्याखाली उभी करू लागलो. उन्हाळ्यात आतली तापलेली हवा निघून जावी म्हणून छताची काच चार बोटे उघडी ठेवी. इतकी काळजी मी माझ्या सायकलीचीही कधी घेतली नव्हती.

2025 साली पाऊस मिरगाची वाट पाहायला थांबला नाही. मे महिना संपण्याआधीच तो कोकणात येऊन धडकला. कुणाची लाकडे भरायची राहिली, कुणाची कौले चाळायची. आमची दोन्ही राहिली होती. माजघरात ठिबकू लागले, आणि त्याच आठवड्यात मोटारीतही. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे!

पहिला थेंब आरशाजवळच्या दिव्यातून पडला. मग डाव्या बाजूला पायाखालची सतरंजी ओली लागू लागली. चार दिवसांत मोटारीत बसले की न वाळलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात बसल्यासारखे वाटे. मी मोटार रत्नागिरीला नेली. पहिल्या कारागिराने काचेभोवती लुकण भरून दिले. गळती थांबली नाही. दुसऱ्याने काचेचे रबर बदलले. गळती थांबली नाही. तिसरा म्हणाला, हे पावसाचे पाणीच नव्हे, थंड हवेच्या यंत्राचे आहे. म्हणून मी आठ दिवस ते यंत्र लावलेच नाही. घामाने भिजलो, आणि वरून थेंब पडतच राहिले.

गंमत अशी, की मोटार उभी असताना वरून काही पडत नसे. धो धो पावसात मी आत बसून पाहिले, छत कोरडे. पण पाऊस थांबून ऊन पडल्यावर, उतारावर ब्रेक लावला की दिव्याच्या फटीतून पाण्याची धार पुढे येई. जणू कुणी वर तांब्या घेऊन दबा धरून बसले होते.

जुलैमध्ये आईच्या डोळ्यात इंजेक्शन दिले. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही. परत येताना हातखंब्याच्या अलीकडे एका उतारावर पुढे गुरे आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि ती घाणेरडी धार आईच्या कपाळावर आली. तिने चटकन पदर डोळ्यावर धरला म्हणून बचावलो. ती काही बोलली नाही. मीच घरापर्यंत बोलत होतो.

वाचकहो, मी कादंबऱ्याही लिहितो. कादंबरीकाराला एक वाईट खोड असते. त्याला कारणाआधी हेतू दिसतो. त्या दीड तासाच्या वाटेत मी एक आख्खे कथानक रचले. मोटार पुण्यातच गळत असणार. भावाला ते ठाऊक असणार. बाजारात तिला किंमत आली नसणार, म्हणून ती आईच्या नावाने आमच्या दारात आणून बांधली! प्रत्येक प्रकरण पुढच्यात चपखल बसत होते. खोट्या कथानकाची हीच खूण असते, की त्यात कुठे फटच राहत नाही.

घरी पोचताच मी भावाला फोन केला आणि म्हणालो, "तुला नको झालेलं तू आम्हाला दिलंस. आज आईचा डोळा गेला असता."

पलीकडे तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो आईला फोन करी; मला नाही. आई बोलून झाले की सवयीने फोन माझ्याकडे धरी, आणि तोवर पलीकडून तो बंद झालेला असे. असे दोनदा झाल्यावर तिने फोन पुढे करणे सोडले. मला त्याच्या रागापेक्षा तिचा तो मागे गेलेला हात अधिक लागला.

ऑगस्टात जरा उघडीप मिळाली तेव्हा शेजारचा एक तरुण माजघराची गळती पाहायला आला. थेंब पडे तिथे शिडी लावून तो बरोबर त्यावरचे कौल काढू लागला. आई खाली पाटावर बसून होती. तिला दिसते थोडे, पण घर तिला पाठ आहे. ती म्हणाली, "अरे, ते कौल चांगलं आहे. गळतं तिथे फुटलेलं नसतं. वाशावर बोट ठेव आणि ओल धरून वर वर जा. ओल संपेल तिथे बघ."

तो तसा गेला. चार हात वर, आढ्याजवळ, एक कौल सरकलेले होते. तिथून शिरलेले पाणी वाशाच्या पोटाने गुपचूप येऊन गाठीवर थबकत होते आणि तिथून खाली पडत होते. कौल बसवले. ठिबक थांबले.

आई माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मोटारीचंही असंच काही असेल हो."

मी उठलो, मोटारीत बसलो आणि छताच्या कापडावर बोट ठेवले. ओल दिव्यापासून निघून तिरकी जात होती, ती काचेच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याशी संपत होती. तीन कारागीर झाले, तीन महिने झाले. पण ते बोट मी ठेवले नव्हते.

स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री बसतात. त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, गाडी उभी कशी करता?"

"बकुळीखाली. तोंड फाटकाकडे."

अंगणाचा उतार फाटकाकडे आहे. ते हसले. काच पूर्ण मागे सारून त्यांनी मला आत पाहायला लावले. काचेखाली चौकटीभर एक पन्हळ होती आणि तिच्या कोपऱ्यात एक छिद्र.

"ही काच पाणी पुरतं अडवायला नसतेच मुळी," ते म्हणाले. "रबर अडवतं तेवढं अडवतं. आत येतं ते या पन्हळीत पडतं. चार कोपऱ्यांना चार नळ्या. पुढच्या दोन समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पाणी चाकांपाशी जमिनीवर. रबर कितीही बदला, नळी मोकळी नसेल तर काय उपयोग?"

मग त्यांनी आमचाच तांब्या मागितला आणि प्रत्येक कोपऱ्यात बेताबेताने पाणी सोडले. उजव्या पुढच्या कोपऱ्यातले पाणी काही क्षणांत चाकामागे ठिबकले. मागचे दोन्ही कोपरे वाहते होते. डाव्या पुढच्या कोपऱ्यात मात्र पाणी उभे राहिले. हेच ते तांब्या घेऊन दबा धरून बसलेले! पन्हळ भरून राही, ब्रेक लागला की हिंदकळून पुढे सांडे. आणि काठावरून झिरपलेले खांबाच्या आतून सतरंजीत उतरे.

मी लगेच छत्रीची काडी आणली. त्यांनी ती बाजूला ठेवली. "काडीने नळी फाटेल. हवा जोरात मारली तर आतल्या आत निसटेल. मग सगळं उघडावं लागेल." त्यांनी गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घेतली आणि हलक्या हाताने आत सरकवली, फिरवली, बाहेर काढली. असे बऱ्याच वेळा केले. दोरीबरोबर एक काळा लगदा बाहेर आला. त्यांनी पुन्हा पाणी सोडले, आणि चाकामागे पाण्याची स्वच्छ रेघ पडली. तिला पाहून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तो लगदा मी कागदावर घेऊन आईला दाखवायला नेला. तिला तो दिसण्यासारखा नव्हता. तिने कागद नाकाशी धरला.

"माती आहे," ती म्हणाली. आणि मग हळूच, "बकुळ आहे रे!"

मीही हुंगले. कुजका वास होता, पण त्याच्या तळाशी तो ओळखीचा वास होताच. उन्हाळाभर मी चार बोटे उघडी ठेवलेली काच माझ्या डोळ्यांपुढे आली. पुण्याची गळती नव्हतीच ती. आमच्या अंगणातली होती, मी स्वतः आत घेतलेली. आणि तेव्हाच दिवाळीतले एक वाक्य, दहा महिने नळीत अडकून पडल्यासारखे, मोकळे होऊन माझ्या कानी आले: "दादा, झाडाखाली उभी करू नकोस, आणि पावसाआधी त्या चार नळ्या तेवढ्या साफ करून घे."

धाकट्याची क्षमा मागण्याची सवय आमच्या घराण्यात कुणाला नाही. मी फोन केला आणि आधी पुण्याच्या पावसाची चौकशी केली. त्याने ती सांगितली. मग मला दुसरे काही सुचेना. म्हणालो, "नळी तुंबली होती. बकुळीची फुलं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नव्हतं. चूक माझी."

तो पुन्हा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "गळत होती, तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, दादा? मी आलो असतो."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी आईकडे फोन दिला. तिने बोलून झाल्यावर तो माझ्याकडे धरला, आणि या वेळी पलीकडे तो होता.

घर म्हटले की कुठून तरी पाणी शिरायचेच. दोन भावांत, नवराबायकोत, कुठलेही रबर इतके घट्ट बसत नाही. ते उतरून जायला एखादी बारीक वाट मोकळी असावी, इतकेच. आता दर पावसाआधी मी चारी कोपऱ्यांत तांब्याभर पाणी सोडून पाहणार आहे.

मिस्त्री म्हणाले होते, बकुळीची ती फांदी उतरवा. अण्णांच्या हातचे झाड आहे. ते होणे नाही. मोटार गोठ्याकडे हलवली. दिवाळीला भाऊ यायचा आहे, त्याच्या नव्या मोटारीलाही काचेचे कौल आहे म्हणतात. फाटकाशीच त्याला सांगणार आहे, बकुळीखाली लावू नकोस. तो मान हलवील. ऐकेल की नाही, कोण जाणे!