नाशिकहून आलेली मास्तरीण

केनियातल्या शाळेत मदतीला माणसं हवी आहेत, असं आमच्या पाळकांनी उपासनेनंतर सांगितलं आणि मी हात वर केला. जन्म बँकेच्या काउंटरवर गेलेला. मुलांशी संबंध आला तो संडे स्कूलला खाऊ वाटण्यापुरता. निघायची तारीख तोंडावर आल्यावर पिवळ्या तापाची लस घ्यायला गेले. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, असं सिस्टर म्हणाल्या. तिकीट पुढे ढकललं. भुर्दंड माझ्याच खिशातून.

मोंबासाहून माझेरासपर्यंत मटाटू, म्हणजे आपली काळी-पिवळीच, फक्त गाणी जास्त मोठ्यानं. तिथून वर राबाई, शाळेचं गाव. मुलांचे फोटो काढणार नाही असं आधी लिहून घेतलं, पोलिसांचा दाखला पाहिला, मगच वर्गात सोडलं. हे मला आवडलं.

वर्गात पाऊल टाकलं तर सगळी मुलं ताडकन उभी. मी स्वतःची ओळख सांगितली, नाशिक सांगितलं, गोदावरी सांगितली. मुलं उभीच. मागे बसलेल्या वर्गशिक्षिकांनी हातानं खूण केली तेव्हा उजेड पडला: मी बसा म्हटल्याशिवाय ती बसणार नव्हती. पिशवीत ए-बी-सीचे रंगीत तक्ते होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं तेवढ्यात इंग्रजी धडा घडाघडा वाचून दाखवला. तक्ते पिशवीतच राहिले.

मग म्हटलं गाणं शिकवू. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन घेतलं. दोनदा म्हणून दाखवल्यावर मागच्या रांगेनं आपसूक खालचा सूर धरला, मधल्या मुलींनी वरचा. शब्दांचा अर्थ एकालाही ठाऊक नव्हता, पण सूर असे बसले की वर्गशिक्षिकांनी डोळे मिटले. बेसूर होते ती मी एकटी.

हात हवे होते ते खरं तर स्वयंपाकघरात. दुपारचं जेवण गिथेरी, मका आणि राजमा एकत्र शिजवलेला. रांधणाऱ्या मावशी म्हणाल्या, उद्या ‘सा म्बिली’ला या. म्बिली म्हणजे दोन, हे मी पाठ केलं होतं. दुपारी दोनला हजर झाले, तर पातेली घासून उपडी घातलेली. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला एक, आठला दोन. आपल्या घटकाही उगवतीपासूनच मोजत, हे तेव्हा आठवून काय उपयोग! दुसऱ्या दिवशी आठला जाऊन मन लावून राजमा निवडला. मावशींनी माझ्या ढिगातून चकार शब्द न काढता खडे वेचले आणि ओळीनं माझ्यापुढे मांडले.

परतायच्या आधी राबाईचं छोटं संग्रहालय पाहिलं. योहान क्राफ आणि योहानेस रेबमान यांनी 1846 मध्ये इथे मिशन सुरू केलं, हे तिथे कळलं. दाखवणाऱ्या गृहस्थांनी कुठून आलात विचारलं. नाशिक म्हणताच ते म्हणाले, “म्हणजे शरणपूर!”

मी चाटच पडले. शरणपूर रोडवरूनच तर रोज बँकेत जात होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात. त्यांतली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये लिहायला-वाचायला, कारागिरी करायला शिकली. त्यांच्यातले विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड 1860 च्या दशकात इकडे आले आणि या मिशनच्या कामाला लागले. पुढे 1875 मध्ये मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसलं, नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं. तिथेही नाशिकची माणसं होती. या सगळ्यांना इथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. म्हणजे नाशिकहून शिकवायला येणाऱ्यांत माझा नंबर दीडशे वर्षं उशिराचा, आणि त्यांना शिकवता येत होतं.

गृहस्थांना आता मीच सापडले होते. चर्च अजून आहे का, मुलं राहायची ती जागा कुठे, त्यांच्यापैकी कोणाची थडगी तिथे आहेत का? चर्चचं तेवढं सांगता आलं.